बोटांतली कळ आणि फलकावरची कळ



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. पन्नाशीचे एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आले. आईंचे वय ७६. निवृत्तीपूर्वी त्या हिशेबनीस होत्या आणि निवृत्तीनंतर गेली बारा वर्षे भजनी मंडळाचा जमाखर्च घरच्या संगणकावर ठेवत होत्या. ‘‘डॉक्टर, आईला विसर पडायला लागलाय बहुतेक,’’ गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले. ‘‘तीन आठवडे झाले, तिला साधं टाइप करता येत नाही. निम्मी अक्षरं उमटतच नाहीत. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नसेल?’’ काकू खाली मान घालून बसल्या होत्या.

मी काकूंना त्यांच्या गोळ्या विचारल्या. रक्तदाबाची एक, थायरॉईडची एक. नाव, मात्रा, वेळ यांसह त्यांनी बिनचूक सांगितल्या. वार आणि तारीख सांगितली. घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली, तीही चोख दाखवली. मग मी त्यांचे हात पाहिले. बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवर गाठी होत्या आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. त्या संध्याकाळी परतताना मी त्यांच्या घरी डोकावले आणि त्यांना नेहमीप्रमाणे संगणकासमोर बसायला सांगितले.

उलगडा तिथे झाला. काकू डाव्या हाताने वही धरत आणि वहीतला आकडा शोधेपर्यंत दुखरा उजवा हात कळफलकावर टेकवून ठेवत. त्या हाताची करंगळी नेमकी उजवीकडच्या शिफ्ट या कळेवर विसावे. विंडोज प्रणालीत ही कळ आठ सेकंद दाबून धरली, की ‘फिल्टर कीज’ नावाची सोय सुरू करायची का, असे विचारणारी चौकट पडद्यावर येते. ती चौकट घालवण्यासाठी काकूंनी केव्हातरी होकाराचे बटण दाबले होते. ही सोय सुरू असली, की ओझरता किंवा पुन्हापुन्हा झालेला स्पर्श संगणक जमेस धरत नाही. काकूंची टायपिंगची चपळ सवय आता त्यांच्याच विरोधात गेली होती. मी उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद दाबून धरली. काकूंनी एक ओळ लिहिली, सगळी अक्षरे उमटली. ‘‘म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे तर!’’ त्या म्हणाल्या. चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्या भाषेत ‘कळ’ या एकाच शब्दात दुखण्याची तिडीकही आहे आणि यंत्राची किल्लीही. वय वाढते तशी बोटांतली कळ वाढते, हात थरथरतो, दृष्टी मंदावते. मग ‘आता मला हे जमत नाही’ असे आपण स्वतःलाच सांगू लागतो आणि घरचेही मान डोलावतात. पुष्कळदा न जमणारी गोष्ट बुद्धीची नसते, ती बोटांची किंवा डोळ्यांची असते. त्यासाठीच्या सोयी आपल्या संगणकात वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक दोन-तीन कळा एकत्र दाबून सुरू होतात. आज त्यांची ओळख करून घेऊ.

आधी दोन गोष्टी

पुढे ‘विंडोज कळ’ असा उल्लेख वारंवार येईल. कळफलकाच्या अगदी खालच्या ओळीत डावीकडे, चार तावदानांच्या खिडकीचे चित्र असलेली ती कळ. दुसरी गोष्ट दाबण्याच्या रीतीची. ‘विंडोज + डी’ असे लिहिले असेल, तर पहिली कळ दाबून ठेवावी, ती तशीच धरून दुसरी हलकेच दाबून सोडावी आणि मग पहिली सोडावी. दोन्ही एकाच क्षणी दाबण्याची धडपड करू नये. खालील सोयी विंडोज १० आणि ११ या दोन्हींत आहेत. वेगळेपण असेल तिथे तसे सांगेन. एखादी कळजोड चालली नाही, तर ‘विंडोज + यू’ दाबावे. डोळे, कान आणि हात यांच्यासाठीच्या सर्व सोयींचे पान उघडते आणि तेथून ती सोय सुरू किंवा बंद करता येते. एवढी एकच जोडी लक्षात राहिली, तरी हा लेख सार्थकी लागला असे मी समजेन.

डोळ्यांसाठी

रक्ततपासणीचा अहवाल आता बहुधा ई-मेलने येतो आणि त्यातील आकडे बारीक असतात. क्रिएटिनिन १.१ आणि क्रिएटिनिन ११ यांत फरक एका ठिपक्याचा असतो. परंतु पहिला आकडा बहुतेकदा निश्चिंतीचा आणि दुसरा तातडीने रुग्णालय गाठण्याचा. असा अहवाल इंटरनेटच्या खिडकीत उघडला असेल, तर ‘कंट्रोल’ धरून अधिक चिन्हाची कळ दाबावी. प्रत्येक वेळी मजकूर थोडा मोठा होतो. उणे चिन्हाने तो लहान होतो आणि ‘कंट्रोल + शून्य’ दाबताच मूळ आकारावर येतो.

ही युक्ती एका खिडकीपुरती झाली. सगळा पडदाच मोठा दिसायला हवा असेल, तर ‘विंडोज’ धरून अधिक चिन्ह दाबावे. ‘मॅग्निफायर’ म्हणजे भिंग सुरू होते आणि माउसचा बाण जाईल तिकडे ते सरकते. बाहेर पडण्यासाठी ‘विंडोज + एस्केप’. हे ‘एस्केप’ आधी पाठ करावे आणि मगच भिंग उघडावे, म्हणजे मोठ्या अक्षरांच्या अरण्यात हरवल्यासारखे होत नाही. भिंग सुरू असताना ‘कंट्रोल + ऑल्ट + आय’ दाबले, तर रंग उलटे होतात, म्हणजे पांढऱ्यावर काळे असेल ते काळ्यावर पांढरे दिसते.

मोतीबिंदूत डोळ्यात शिरणारा प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरा लखलखीत पडदा अशा व्यक्तींना बोचतो. त्यांच्यासाठी डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या तीन कळा एकत्र दाबाव्यात. संमती विचारणारी चौकट येईल. हो म्हटल्यावर पडदा गडद होऊन अक्षरे ठळक दिसतात. सर्वांनाच ते मानवते असे नाही. न मानवल्यास त्याच तीन कळा पुन्हा दाबाव्यात. कायमस्वरूपी मोठी अक्षरे हवी असतील, तर ‘विंडोज + यू’च्या पानावर मजकुराचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो.

मात्र अक्षर मोठे करणे हा उपचार नव्हे. दर महिन्याला ते आणखी मोठे करावे लागत असेल, तर नेत्रतपासणी करून घ्यावी. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या किंवा नजरेच्या मध्यभागी डाग आला, तर दिवस न घालवता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांनी संगणकाचा पडदा थोडा खाली घ्यावा. खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून बसल्यामुळे दुखणाऱ्या अनेक माना मी तपासल्या आहेत.

दुखऱ्या बोटांसाठी

अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा हा हाताच्या संधिवाताचा एक नेहमीचा बळी. माउस धरताना नेमका तोच आवळला जातो. त्यात ‘डबल क्लिक’ म्हणजे दुखऱ्या बोटाला दोनदा टोचण्यासारखे. साखर असणाऱ्यांत बोट वाकून अडकण्याचा, म्हणजे ‘ट्रिगर फिंगर’चा त्रासही अधिक आढळतो. अशा हातांनी माउसला जितकी सुटी देता येईल तितकी द्यावी.

अर्ज भरताना एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाण्यासाठी ‘टॅब’ आणि मागे येण्यासाठी ‘शिफ्ट + टॅब’. चौकोनात खूण करायची असेल, तर स्पेस म्हणजे सर्वांत लांब कळ. एखादी फाइल बाणाच्या कळांनी निवडून ‘एंटर’ दाबले, की डबल क्लिकचे काम होते. माउसचे उजवे बटण दाबल्यावर जी यादी उघडते, ती ‘शिफ्ट + एफ १०’नेही उघडते. लॅपटॉपवर ‘एफ १०’साठी कधी कधी ‘एफएन’ ही कळही सोबत धरावी लागते.

इंटरनेटवर लांबलचक लेख वाचताना माउसचे चाक फिरवत बसू नये. स्पेस दाबली की मजकूर पडदाभर पुढे सरकतो, ‘शिफ्ट + स्पेस’ने मागे येतो. चुकलेला शब्द एकेक अक्षर करून पुसण्यापेक्षा ‘कंट्रोल + बॅकस्पेस’ दाबावे; बहुतेक ठिकाणी अख्खा शब्द जातो. वाचत असलेले पान चुकून बंद झाले, तर ‘कंट्रोल + शिफ्ट + टी’ ते परत आणून देते. आणि पडद्यावर खिडक्यांची गर्दी होऊन काहीच सुचेनासे झाले, तर ‘विंडोज + डी’. सगळे बाजूला सरून मोकळे अंगण दिसते. तीच जोडी पुन्हा दाबली, की खिडक्या परत येतात. काहीही हरवत नाही.

थरथरत्या हातांसाठी

कंप सगळा एकसारखा नसतो. काही जणांचा हात कप उचलताना, सही करताना किंवा माउस हलवताना थरथरतो आणि स्वस्थ ठेवला की शांत होतो. असा कंप पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. पार्किन्सनमध्ये बहुधा उलट घडते. हात मांडीवर स्वस्थ असताना कापतो, सुरुवात सहसा एका बाजूने होते आणि हस्ताक्षर हळूहळू बारीक होत जाते. दम्याचे काही पंप आणि थायरॉईडच्या गोळीची जास्त झालेली मात्रा यांनीही हात कापू शकतो. म्हणून नव्याने सुरू झालेला कंप ‘वयाचा’ म्हणून सोडून देऊ नये.

कारण कोणतेही असो, कापऱ्या बोटाने एक अक्षर दोन-तीनदा उमटते. काकूंना ज्या ‘फिल्टर कीज’ने छळले, तीच सोय इथे उपकारक ठरते. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ती मुद्दाम सुरू करावी. नकळत लागलेले स्पर्श गाळले जातात. किती वेळ दाबल्यावर अक्षर उमटावे, हेही ‘विंडोज + यू’च्या पानावर ठरवता येते.

बाण नेमक्या जागी थांबत नसेल, तर ‘माउस कीज’ वापरून पाहावी. डावा ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक या तीन कळा एकत्र दाबल्या, की उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण हलवता येतो. ८ ने वर, २ ने खाली, ४ ने डावीकडे, ६ ने उजवीकडे आणि ५ ने क्लिक. त्याच गटातील अधिक चिन्हाने डबल क्लिक होते. हात कितीही कापला तरी बाण कापत नाही. यासाठी आकड्यांचा स्वतंत्र गट असलेला कळफलक लागतो. पुष्कळशा लहान लॅपटॉपवर तो नसतो. त्यांना बाहेरून साधा कळफलक जोडता येतो.

एका हातासाठी

पक्षाघातानंतर डावी बाजू लुळी पडलेले एक निवृत्त अधिकारी माझे रुग्ण आहेत. उजवा हात उत्तम, वाचा स्वच्छ, बुद्धी तल्लख. तरी बँकेचे काम ते मुलाकडून करून घेत. कारण विचारले तेव्हा कळले, की ई-मेलच्या पत्त्यात येणारे ‘ॲट’चे चिन्ह आणि पासवर्डातील मोठे अक्षर यांसाठी शिफ्ट धरून दुसरी कळ दाबावी लागते. उजवी शिफ्ट आणि वरच्या ओळीतील २ यांत वीतभर अंतर. एका हाताला ते पेलेना. एवढ्यासाठी त्यांनी पासवर्ड मुलाला सांगून टाकला होता. मुलगा सज्जन आहे, तक्रार काहीच नाही. पण आपल्या निवृत्तिवेतनाच्या कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी लागणे त्यांना आत कुठेतरी सलत होते.

त्यांच्यासाठी ‘स्टिकी कीज’ आहे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबावी. आवाज होऊन चौकट येते; बहुतेक जण दचकून ‘नको’ म्हणतात, आपण ‘हो’ म्हणावे. मग शिफ्ट दाबून सोडून द्यावी आणि सावकाश २ दाबावे. संगणक दोन्ही कळा एकत्र दाबल्याचे मानतो. कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोज यांनाही हाच नियम लागू होतो. वर सांगितलेल्या सर्व जोड्या अशा रीतीने एका बोटाने, एकामागून एक दाबता येतात. सोय बंद करायला पुन्हा पाच वेळा शिफ्ट. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरने अपंग व्यक्तींसाठी केलेल्या कामातून अशा सोयी घडल्या आणि विंडोज ९५ पासून त्या प्रणालीतच आल्या. म्हणजे १९९५ सालापासून त्या आपल्या वाटेकडे डोळे लावून बसल्या आहेत. त्या अधिकाऱ्यांनी सोय शिकल्यावर पहिली गोष्ट केली ती पासवर्ड बदलण्याची. मुलाने ते हसून मला सांगितले.

बोलून लिहिण्यासाठी

बोटे अगदीच साथ देत नसतील, तर ‘विंडोज + एच’. मायक्रोफोनची पट्टी येते आणि आपण बोलू ते लिहिले जाते. यासाठी इंटरनेट आणि मायक्रोफोन लागतो. विंडोज ११ मध्ये या सोयीच्या भाषांत मराठीही आहे. मराठी भाषा आधी घरच्या कोणाकडून जोडून घ्यावी आणि ‘विंडोज + स्पेस’ने इंग्रजीवरून मराठीवर यावे. इथे एक धोक्याचे वळण आहे. भाषा मराठी राहून गेली, तर पुढच्या वेळी इंग्रजी पासवर्ड चुकीचा ठरतो आणि दोष स्मरणशक्तीवर येतो. पासवर्ड अडला, की आधी भाषा तपासावी आणि मग मोठ्या अक्षरांची कळ, म्हणजे कॅप्स लॉक.

संगणक अचानक मोठ्याने बोलू लागला, तर घाबरू नये. ‘विंडोज + कंट्रोल + एंटर’ या कळा चुकून दाबल्या जाऊन ‘नॅरेटर’, म्हणजे वाचून दाखवणारा, जागा झालेला असतो. त्याच तीन कळांनी तो गप्प होतो. ज्यांना दिसतच नाही, त्यांच्यासाठी मात्र तोच सोबती आहे.

भीती दाखवणाऱ्यांसाठी

आता ज्या कळा दाबू नयेत, त्यांविषयी. पडदाभर लाल सूचना येते, भोंगा वाजतो, ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असे सांगितले जाते आणि बाहेर पडायला वाट दिसत नाही. छातीत धडधडते, रक्तदाब चढतो, आणि त्या घाबरण्यावरच ठकांचा धंदा चालतो. फोन करू नये. एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरावी, मग ‘ऑल्ट + एफ ४’ दाबावे. खिडकी बंद होते. न झाल्यास संगणकाचे चालू-बंद करण्याचे बटण तो बंद होईपर्यंत दाबून धरावे. पुन्हा सुरू केल्यावर ‘आधीची पाने परत उघडू का’ असे विचारले, तर नाही म्हणावे.

दुसरी फसवणूक अधिक धूर्त आहे. ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे म्हणून एखादे पान तीन पायऱ्या सांगते: ‘विंडोज + आर’ दाबा, मग ‘कंट्रोल + व्ही’ दाबा, मग एंटर. यामागची चाल अशी. त्या पानाने एक घातक आज्ञा आपल्या नकळत आधीच संगणकाच्या झोळीत टाकलेली असते. पहिली जोडी आज्ञा देण्याची चौकट उघडते, दुसरी ती आज्ञा तिथे ओतते आणि एंटर ती अमलात आणतो. म्हणजे चोरासाठी दाराची कडी आपणच काढतो. कोणतेही खरे संकेतस्थळ अशी परीक्षा घेत नाही. ‘विंडोज + आर’ दाबा असे फोनवर किंवा पडद्यावर कोणीही अनोळखी सांगू लागले, की तिथेच थांबावे. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न राहता लगेच १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. तिथे वेळेला फार मोल आहे.

एक व्यावहारिक सूचनाही इथेच देते. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुन्या संगणकावर बँकेचे काम होत असेल, तर त्याची सुरक्षा जाणकाराकडून तपासून घ्यावी.

कळजोड पुरेशी नसते तेव्हा

डॉक्टर म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. टाइप करताना एक हात अचानक साथ सोडू लागला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे जड झाले, तर तो कळफलकाचा दोष नव्हे. लक्षणे कोणत्या वेळी सुरू झाली ते लक्षात ठेवून तत्काळ १०८ ला फोन करावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. सकाळी उठल्यावर बोटे तासाभराहून अधिक काळ आखडलेली राहत असतील आणि सांधे सुजत असतील, तर तो झिजेचा नव्हे, तर संधिवाताचा दुसरा प्रकार असू शकतो. त्याचे उपचार लवकर सुरू करणे हिताचे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातील शीर दाबली जात आहे का, हे पाहावे लागते.

आणि स्मृतीविषयी. नवी गोष्ट शिकायला वेळ लागणे हे वयाला धरून आहे. मात्र रोजचा स्वयंपाक क्रमाने न सुचणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, एकच प्रश्न तासाभरात चारदा विचारणे, पैशांच्या व्यवहारात पूर्वी न होणाऱ्या चुका होणे, हे दिसले तर जरूर दाखवावे. त्यातही बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, मनाची उदासी, ऐकू कमी येणे अशी दुरुस्त होऊ शकणारी कारणे आम्ही आधी शोधतो. काकूंच्या घरी गेल्यापासून त्या यादीत मी कळफलकाची भर घातली आहे.

घरच्यांसाठी

आई-वडिलांच्या हातून माउस काढून घेऊन ‘थांब, मीच करतो’ म्हणणे सोपे असते, कारण त्यात आपला वेळ वाचतो. त्यांचा आत्मविश्वास मात्र त्याच वेळी थोडा झिजतो. त्यांच्या शेजारी बसावे आणि कळ त्यांच्याच बोटाने दाबू द्यावी. आठवड्याला एकच जोडी शिकवावी. सोय सुरू कशी करायची याच्या आधी ती बंद कशी करायची ते सांगावे. एका जाड कागदावर, मोठ्या मराठी अक्षरांत, एवढेच लिहून संगणकाशेजारी चिकटवावे:

विंडोज आणि अधिक चिन्ह: भिंग. विंडोज आणि एस्केप: भिंग बंद.
विंडोज आणि यू: सगळ्या सोयी.
विंडोज आणि डी: मोकळा पडदा.
शिफ्ट पाच वेळा: एका हाताने लिहिणे.
ऑल्ट आणि एफ ४: भीतीदायक खिडकी बंद.
फसवणूक झाली तर १९३०.

काकूंचा जमाखर्च पुन्हा सुरू झाला आहे. त्यांच्या बोटांतली कळ गेलेली नाही. ती पूर्ण जाईल असे मी त्यांना सांगितलेलेही नाही. कोमट पाण्याचा शेक, अंगठ्याला आधारपट्टी आणि उजव्या हाताखाली घडी घातलेला रुमाल, एवढ्यावर त्यांचे बरे चालले आहे. तो रुमाल त्यांनी स्वतःच शोधून काढला. मनगट त्यावर टेकले, की करंगळी शिफ्टवर पडत नाही.

आज संध्याकाळी संगणक उघडाल, तेव्हा विंडोज कळ धरून अधिक चिन्ह एकदा दाबून पाहा. परतीची वाट आता आपल्याला ठाऊक आहे.